शितावरून भाताची परीक्षा

श्रोतेहो, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबर महिन्यात, पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मंगळवारच का, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. हा कायदा १८४५ सालचा. त्या काळी तो देश मुख्यतः शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरात सुगी आटोपलेली असते, कडाक्याची थंडी अजून पडायची असते आणि रस्ते चालू असतात. मत द्यायला जिल्ह्याच्या गावी घोडागाडीने जायचे म्हणजे एक दिवस मोडणार. रविवार प्रार्थनेचा, त्या दिवशी घर सोडायचे नाही. तेव्हा सोमवारी निघावे आणि मंगळवारी मत द्यावे, असे ठरले. घोडागाड्या गेल्या, पण वार तोच राहिला.

आज ज्या निवडणुकीची हकीकत सांगायची आहे ती १९४८ सालची. तिच्यात निकाल आधी लागला आणि मतदान मागाहून झाले, असे म्हटले तरी चालेल. आपल्याकडे म्हण आहे ना, बाजारात तुरी! त्या वर्षी अमेरिकेतली मोठमोठी वर्तमानपत्रे, नामांकित पंडित आणि लोकांची मते मोजण्याचा धंदा करणारे शास्त्रज्ञ, सगळेच बाजारातल्या तुरींवर भांडत होते. आणि तुरी ज्याच्या शेतात होत्या, त्या शेतकऱ्याला मात्र कोणी नीट विचारलेच नव्हते.

आधी उमेदवारांची ओळख करून घेऊ. राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर होते हॅरी ट्रूमन, डेमोक्रॅटिक पक्षाचे. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट वारले आणि उपाध्यक्ष असलेल्या ट्रूमनसाहेबांकडे कारभार आला. मिसुरी राज्यातला हा माणूस. तरुणपणी दहाएक वर्षे त्यांनी घरची शेती केली होती. बोलणे रोखठोक, चेहरा साधा, चष्मा जाड भिंगाचा. रूझवेल्ट यांच्यासारख्या वटवृक्षाच्या जागी हे रोपटे कसले टिकते, असे त्यांच्या पक्षातलेच लोक म्हणत. समोर रिपब्लिकन पक्षाचे टॉमस ड्यूई. ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर. सरकारी वकील असताना त्यांनी गुंडांच्या टोळ्या मोडून काढल्या होत्या, त्यामुळे त्यांचे नाव देशभर झालेले. आवाज खणखणीत, मिशी कातरलेली, कपडे नीटनेटके. ड्यूई लायक नव्हते असे कोणी समजू नये. राज्यकारभार त्यांनी चांगला केला होता.

शिवाय डेमोक्रॅटिक पक्षाला घरातूनच सुरुंग लागले होते. जुलै महिन्यात फिलाडेल्फिया शहरी पक्षाचे अधिवेशन भरले. तिथे काळ्या लोकांना समान नागरी हक्क मिळावेत असा ठराव झाला आणि दक्षिणेकडले काही प्रतिनिधी उठून निघून गेले. त्यांनी स्ट्रॉम थर्मंड यांना वेगळे उभे केले. दुसऱ्या बाजूने माजी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांनीही निराळी चूल मांडली. म्हणजे ट्रूमन यांच्या ताटातले दोघे जण उचलून नेणार, आणि ड्यूई यांचे ताट शाबूत. कोणीही हिशेब मांडला तरी उत्तर एकच येई.

पण हिशेब मांडण्याचे शास्त्र तोवर बरेच पुढे गेले होते, त्याची थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

निवडणुकीपूर्वी लोकांचा कल पाहण्याची हौस अमेरिकेत जुनी. १८२४ साली हॅरिसबर्गच्या एका वर्तमानपत्राने विल्मिंग्टन गावातल्या लोकांची मते छापली होती. जॅक्सन यांना ३३५, ॲडॅम्स यांना १६९, असे आकडे होते. अशा मोजणीला तिकडे काडीची मते म्हणत. वाऱ्यात काडी सोडली की वारा कुठला ते कळते, तसे. उपणणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पुढे 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने हा उद्योग प्रचंड प्रमाणावर चालवला. लागोपाठ काही निवडणुकांत त्याचे भाकीत खरे ठरले. १९३६ साली त्याने सुमारे १ कोटी पत्रे टपालाने पाठवली. त्यांतली तेवीस-चोवीस लाख भरून परत आली. त्यावरून साप्ताहिकाने छातीठोकपणे सांगितले की रिपब्लिकन उमेदवार लँडन शेकडा ५७ मते मिळवून रूझवेल्टांना पाडतील. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टांनी जिंकली. लँडन यांच्या वाट्याला मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये आली. चूक कुठे झाली? पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदवहीतून. १९३६ म्हणजे मंदीचा काळ. ज्याच्या घरी टेलिफोन आणि दारात मोटार, तो रूझवेल्टांवर रागावलेला. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याला कोणी पत्र धाडलेच नाही. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवले ते जास्त चिडलेले, जास्त उत्साही. दोनच वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

त्याच वर्षी जॉर्ज गॅलप नावाच्या गृहस्थांनी फार थोडी माणसे विचारून रूझवेल्ट जिंकणार हे सांगितले, आणि लिटररी डायजेस्ट किती चुकेल हेही आधीच सांगून ठेवले. गॅलप आयोवा राज्यातले, म्हणजे मक्याच्या मुलखातले. त्यांचे म्हणणे आपल्याला सहज पटेल असे होते. भात शिजला की नाही हे पाहायला सगळे भांडे रिकामे करावे लागत नाही, दोन शिते दाबली की पुरे. फक्त ती शिते सगळ्या भांड्यातली हवीत, वरवरची नकोत. या एका वाक्यावर त्यांचा धंदा उभा राहिला. त्यांच्याबरोबर क्रॉसली आणि रोपर हे आणखी दोघे. १९४० आणि १९४४ मध्येही त्यांनी रूझवेल्ट यांचा विजय बरोबर सांगितला, आणि लोकांचा विश्वास बसला.

सगळ्यांचा नव्हे, बरे का. पक्षांची भांडणे आकड्यांभोवतीही सुरू झालीच. गॅलप आमची मते नेहमी कमी दाखवतात, अशी डेमोक्रॅट लोकांची तक्रार. १९४४ च्या निवडणुकीनंतर तर प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे जाऊन त्यांना आपली रीत समजावून सांगावी लागली. ज्याला आकडा सोयीचा, तो म्हणे हे शास्त्र आहे. ज्याला गैरसोयीचा, तो म्हणे ही लबाडी आहे. निवडणूक पालटली की हेच दोघे आपली वाक्ये अदलाबदल करून घेत. हा प्रकार आजही कोणत्याही देशात पाहायला मिळतो.

१९४८ च्या सप्टेंबरात, प्रचाराची खरी धामधूम सुरू होण्याआधीच, रोपर यांनी जाहीर केले की आता यापुढे मोजण्यात अर्थ नाही, ड्यूई फार पुढे आहेत. ऑक्टोबरात 'न्यूजवीक' साप्ताहिकाने राजकारणावर लिहिणाऱ्या ५० पत्रकारांना विचारले. पन्नासच्या पन्नास म्हणाले, ड्यूई. गॅलप यांचा शेवटचा आकडा असा होता: ड्यूई शेकडा ४९.५, ट्रूमन ४४.५. क्रॉसली यांचाही जवळपास तसाच. मतदारांच्या आधी पंचांनीच निवाडा देऊन टाकला.

याचा परिणाम दोन्ही उमेदवारांवर कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. ड्यूई यांना वाटले, आपण जिंकलोच आहोत, मग कशाला कोणाला दुखवा? त्यांची भाषणे गुळगुळीत झाली. एकी हवी, चांगला कारभार हवा, देशाचे भवितव्य उज्ज्वल आहे. यातले काही खोटे नव्हते, पण यासाठी कोणी उन्हात उभे राहायचे? इलिनॉय राज्यात एका ठिकाणी ते आगगाडीच्या मागच्या सज्जातून बोलत असता गाडी अचानक गर्दीच्या दिशेने मागे सरकली. कोणाला इजा झाली नाही. पण साहेब बोलून गेले की हा इंजिन-ड्रायव्हर वेडा दिसतो, याला खरे तर गोळीच घालायला हवी, पण कोणाला लागले नाही म्हणून सोडून देऊ. ते वाक्य रेल्वे कामगारांत वणव्यासारखे पसरले.

ट्रूमन यांना मात्र गमावण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांनी आगगाडीच काढली. तीस हजार मैलांच्या वर प्रवास, तीनशेच्या वर भाषणे. पुष्कळशी भाषणे आडगावच्या ठेसनावर, डब्याच्या मागच्या सज्जातून, दहा-पंधरा मिनिटांची. भाषण संपले की पत्नीची आणि मुलीची ओळख करून द्यायची, आणि गाडी पुढे. हातात कागद नसे. रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने काही काम केले नाही, हा त्यांचा मुख्य मारा. त्यासाठी त्यांनी एक डावही टाकला होता. अधिवेशनातल्या भाषणात, रात्री दोनच्या सुमारास, त्यांनी जाहीर केले की मी काँग्रेसची खास बैठक २६ जुलैला बोलावतो. मिसुरीत या सुमाराला सलगम पेरतात. पंचवीस जुलैला सलगम पेरा, मग जमीन ओली असो की कोरडी, अशी तिकडे म्हण आहे. आपल्याकडे नक्षत्रांवरून पेरणीच्या म्हणी आहेत, त्याच जातीची. तुमच्या जाहीरनाम्यात जे लिहिले आहे तेवढे तरी आता मंजूर करा, असे त्यांनी विरोधकांना सांगितले. बैठक भरली, पंधरवडाभर चालली, हाती फारसे काही लागले नाही. ट्रूमन यांना तेच हवे होते.

याला रिपब्लिकनांचे उत्तर नव्हते असे नाही. महागाई कोणाच्या राज्यात वाढली? सोळा वर्षे सत्ता एकाच पक्षाच्या हाती, सरकारी कचेऱ्यांत सुस्ती आली, रशियाचे हेर घुसले, असे त्यांचे आरोप होते, आणि त्यांतले काही लोकांना पटतही होते. ट्रूमन यांचीही जीभ कधीकधी घसरे. प्रतिपक्ष म्हणजे जणू गोरगरिबांचा शत्रूच, असे चित्र ते रंगवत. ते सगळेच न्यायाचे होते असे मला वाटत नाही.

पण एका बाबतीत त्यांच्या बोलण्याला भक्कम आधार होता, आणि ती गोष्ट तुमच्या जिव्हाळ्याची आहे. ती धान्याच्या कोठ्यांची.

अमेरिकन सरकार शेतमालाला आधारभूत किंमत देत असे. पद्धत अशी की शेतकऱ्याने आपला मका मान्य कोठारात ठेवायचा आणि त्याच्या तारणावर ठरलेल्या दराने सरकारकडून कर्ज घ्यायचे. बाजार चढला तर मका सोडवून विकावा, पडला तर मका सरकारचा आणि कर्ज फिटले. म्हणजे भाव पदरात पडण्यासाठी आधी कोठी हवी. गावोगाव सरकारी संस्थेच्या पत्र्याच्या कोठ्या असत. जून १९४८ मध्ये काँग्रेसने त्या संस्थेचा कायदा नव्याने केला, तेव्हा तिने नव्या कोठ्या मिळवू नयेत असे बंधन घातले. कलम बारीक, त्या दिवशी कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. आणि नेमके त्या वर्षी मक्याचे पीक विक्रमी आले. कणसांचे ढीग लागले, कोठ्या अपुऱ्या पडल्या, बाजारभाव कोसळला. हमीभाव कागदावर होता, पण माल ठेवायला जागा नाही म्हणून शेतकरी त्याहून कमी दराने विकू लागला.

१८ सप्टेंबरला आयोवातल्या डेक्स्टर गावी नांगरणीच्या राष्ट्रीय शर्यती होत्या. ऊन रणरणत होते. पाऊण लाखावर माणूस जमला होता. ट्रूमन तिथे बोलले. या काँग्रेसने शेतकऱ्याच्या पाठीत दाताळे खुपसले, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार देशभर गाजले. भाषणानंतर ते पुन्हा लोकांत येऊन गप्पा मारू लागले. आपण तरुणपणी १६० एकरांत मध्ये एकही पट्टा न सोडता गहू पेरत होतो, असे त्यांनी सांगितले. ऐकणारे सगळे पेरणारेच होते. त्यांना या बोलण्याची किंमत कळली.

शेतकऱ्यांचे मन कुठे चालले आहे याची एक खूण मिळाली होती, तीही गमतीने. कॅन्सस सिटीतल्या एका गिरणीने कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर चित्रे छापली. काहींवर गाढव, म्हणजे डेमोक्रॅट. काहींवर हत्ती, म्हणजे रिपब्लिकन. ज्याला जो पक्ष हवा त्याने ते पोते घ्यावे. हजारो शेतकऱ्यांनी पोती नेली, आणि शेकडा ५४ गाढवाची निघाली. गिरणीवाल्यांना वाटले, आपलेच काहीतरी चुकते आहे. एवढे मोठे शास्त्रज्ञ उलट सांगतात. सप्टेंबरातच त्यांनी ही मोजणी बंद केली!

ऑक्टोबरच्या अखेरीस क्लीव्हलंड शहरी ट्रूमन यांनी मतचाचण्यांवरच तोफ डागली. हे आकडे म्हणजे झोपेच्या गोळ्या आहेत, मतदाराने मतदानाच्या दिवशी घरी झोपून राहावे म्हणून दिलेल्या, असा त्यांचा टोला होता. आरोप अन्यायाचा होता. गॅलप काय किंवा रोपर काय, मुद्दाम खोटे सांगणारे नव्हते. पण बहुसंख्य वर्तमानपत्रे ड्यूई यांच्या बाजूची होती आणि तीच हे आकडे मोठ्या अक्षरात छापत होती, त्यामुळे तो लोकांना खरा वाटला.

२ नोव्हेंबर उजाडला. ट्रूमन मिसुरीतल्या एका गावच्या हॉटेलात लवकर झोपी गेले. मध्यरात्री जाग आली तेव्हा त्यांनी रेडिओ लावला. काल्टेनबॉर्न नावाचे प्रसिद्ध निवेदक सांगत होते की ट्रूमन बारा लाख मतांनी पुढे आहेत, तरी ते हरणार यात शंका नाही. पहाटे पुन्हा रेडिओ लावला, तर आघाडी वीस लाखांवर, आणि निवेदक अजून तेच सांगत आहेत. पुढे ट्रूमन या गृहस्थांची हुबेहूब नक्कल करून लोकांना हसवीत. रेडिओवरच्या भाषणांच्या पुस्तिकेत ही गोष्ट सांगताना मला थोडी मौज वाटते.

शिकागोत तर त्याहून बहार झाली. 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळेजुळाऱ्यांचा संप कित्येक महिने चालू होता. मजकूर टंकलेखन करून, त्याचे ठसे करून छापावा लागे, म्हणून अंक नेहमीपेक्षा पुष्कळ आधी तयार करावा लागायचा. निकाल यायचे बाकी होते. मग पंडितांच्या भरवशावर मोठा मथळा बसवला: ड्यूई यांनी ट्रूमन यांना हरवले. अशा सुमारे दीड लाख प्रती निघाल्या. परतीच्या वाटेवर सेंट लुईच्या ठेसनावर ट्रूमन यांनी तो अंक दोन्ही हातांनी उंच धरला, आणि त्यांचा हसरा फोटो जगभर गेला.

प्रत्यक्ष निकाल असा. ट्रूमन शेकडा ४९.६, ड्यूई ४५.१, वॉलेस आणि थर्मंड प्रत्येकी सुमारे २.४. पण अमेरिकेत नुसत्या मतांनी निकाल लागत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक असतात, आणि बहुतेक ठिकाणी ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला तिथले सगळे निर्वाचक. शिक्षकांनी वर्गात सांगताना फळ्यावर हा हिशेब जरूर मांडावा. त्या वर्षी एकूण ५३१ पैकी ट्रूमन यांना ३०३, ड्यूई यांना १८९, थर्मंड यांना ३९. जिंकायला २६६ हवेत. आता ओहायो ट्रूमन यांनी ७,१०७ मतांनी घेतले, कॅलिफोर्निया १७,८६५ मतांनी, इलिनॉय ३३,६१२ मतांनी. या तीन राज्यांचे निर्वाचक ७८. ते ड्यूई यांच्याकडे गेले असते तर त्यांचे २६७ झाले असते! पावणेपाच कोटींहून अधिक लोकांनी मत दिले, आणि तीन राज्यांत मिळून तीस हजारांहून कमी लोकांचे मन फिरते तर इतिहास निराळा लिहिला जाता. १९४४ मध्ये ड्यूई यांना मिळालेली आयोवा, विस्कॉन्सिन आणि ओहायो ही शेतीची राज्ये या वेळी उलटली होती. वर्तमानपत्रात चर्चा न्यूयॉर्कची चालली होती. मते मक्याच्या शेतात पडली.

मग मोजणाऱ्यांचे काय चुकले? संख्याशास्त्र्यांच्या एका समितीने लगेच चौकशी केली आणि १९४९ साली अहवाल बाहेर आला. पहिले कारण, मोजणी फार लवकर थांबवली. सात मतदारांपैकी एकाने शेवटच्या पंधरवड्यात मन ठरवले होते, आणि अशांपैकी पाऊण हिस्सा ट्रूमन यांच्याकडे गेला. दुसरे कारण जास्त खोल आहे. पाहणी करणाऱ्या माणसाला सांगितलेले असे, इतके पुरुष विचार, इतक्या बायका, इतके गरीब, इतके श्रीमंत. पण त्या खणात नेमका कोण घ्यायचा, हे त्याच्या मर्जीवर. माणूसच तो. गरिबांतला सुद्धा जरा बऱ्या कपड्यांतला, बोलका, रस्त्याकडेच्या घरातला गाठणार. गल्लीच्या टोकाचा, चिखल तुडवून जावे लागेल असा, राहूनच जाणार.

तुमच्या गावात पीक कापणीचा प्रयोग होतो तो आठवा. उत्पन्नाचा अंदाज घ्यायचा तर कोणते शेत, शेतातला कोणता तुकडा, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, आकड्यांच्या तक्त्यावरून ठरते. अधिकाऱ्याला डोळ्याला बरा दिसेल तो तुकडा घ्यायची मुभा नसते. भारतात ही रीत बसवणाऱ्यांत प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याबरोबर आपले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९३० नंतरच्या दशकात ते लंडनला शिकले. तिथे नेमन या विद्वानांनी १९३४ सालीच दाखवून दिले होते की नमुना निवडणाऱ्याच्या मर्जीवर सोडला तर तो दगा देतो. १९४० नंतर आपल्याकडे गव्हा-भाताच्या शेतांत हे तत्त्व वापरले जात होते, आणि अमेरिकेतले नामांकित मतमोजे मात्र १९४८ पर्यंत मर्जीवरच चालले होते. ही गोष्ट साताऱ्याकडल्या मुलांना त्यांच्या गुरुजींनी अगदी अवश्य सांगावी.

गॅलप यांनी चूक मान्य केली, पद्धत बदलली, शेवटच्या दिवसापर्यंत विचारत राहायचे ठरवले. धंदा बंद पडला नाही, उलट वाढला. अजूनही तो कधी बरोबर येतो, कधी तोंडघशी पडतो. २०१६ साली त्याच देशात हिलरी क्लिंटन जिंकणार असे बहुतेकांनी सांगितले होते. देशभरची मते त्यांना खरेच जास्त पडली, पण काही राज्यांतले आकडे चुकले आणि अध्यक्ष झाले डॉनल्ड ट्रम्प. राज्यांचा हिशेब आणि देशाचा हिशेब वेगळा, हे १९४८ चे गणित पुन्हा समोर आले.

ट्रूमन यांनी २० जानेवारी १९४९ रोजी शपथ घेतली. काँग्रेसमध्येही आता त्यांच्या पक्षाचे बहुमत होते. त्यांच्या बऱ्याच मोठ्या योजना या नव्या काँग्रेसनेही अडवून ठेवल्या, तो विषय निराळा. पण त्याच वर्षी जून महिन्यात कोठ्यांचा कायदा दुरुस्त झाला. त्या संस्थेला धान्याची कोठारे उभारण्याची परवानगी परत मिळाली, आणि आयोवातल्या गावांबाहेर पत्र्याच्या गोल कोठ्यांच्या रांगा पुन्हा उभ्या राहू लागल्या.